१९११ पिस्तूल: ठोका हलका बसतो, आणि थंब सेफ्टी काढल्यावर ‘टिक्’ असा आवाज येतो

रानमांजर (ऑस्टिन, टेक्सास)

फुल साइझ १९११ आहे, .४५ एसीपी, ५ इंची नळी, सेकंडहँड घेतलेलं. आत फायरिंग पिन ब्लॉक आहे (काडतुसाच्या तळावर ठोका मारणारी पिन अडवून धरणारा भाग), म्हणजे कोल्टच्या एटी सिरीजची रचना. आधीच्या मालकाने दोन गोष्टी बदलल्या आहेत: चाप (ॲल्युमिनियमचा, घोडा सुटल्यावर चाप किती मागे जावा हे ठरवणारा ओव्हरट्रॅव्हल स्क्रू असलेला) आणि थंब सेफ्टी (दोन्ही बाजूंनी चालणारी). बाकी सगळं मूळचंच असावं.

अडचणी दोन.

पहिली: पन्नास काडतुसांत चार-पाच फुसकी निघतात. काडतुसं फॅक्टरीची, दोन वेगवेगळ्या कंपन्यांची. प्रायमरवर (काडतुसाच्या तळाची पेट घेणारी टोपी) ठोका दिसतो, पण उथळ. स्लाइड न ओढता नुसता घोडा अंगठ्याने मागे घेऊन परत चाप ओढला की बहुतेक वेळा गोळी सुटते. मेनस्प्रिंग नवीन, २३ पाउंडाची टाकून पाहिली, फरक नाही.

दुसरी: पिस्तूल रिकामं, घोडा चढवलेला, सेफ्टी लावलेली. ग्रिप घट्ट धरून चाप जोरात ओढला, सोडला. घोडा पडत नाही. पण सेफ्टी काढून घोडा अंगठ्याने किंचित मागे खेचला की ‘टिक्’ असा बारीक आवाज येतो. मॅन्युअलमध्ये यावर काही नाही. आवाज नॉर्मल आहे का?

आणि हाफ कॉकवरून, म्हणजे घोडा अर्धवट चढलेल्या जागेवरून, चाप ओढला तर घोडा पडतो. हे पण बरोबर आहे का?

---

ठोकताळा

शेवटचं आधी सांगतो, कारण ते सोपं आहे. एटी सिरीजच्या घोड्याला हाफ कॉकची जुनी आकडीसारखी खाच नसते, नुसती सपाट पायरी असते. तिच्यावरून चाप ओढला तर घोडा पडणारच. तेवढ्या उंचीवरून पडणाऱ्या घोड्यात प्रायमर फोडण्याइतका जोर नसतो. तुमचं पिस्तूल त्या बाबतीत ठीक आहे.

‘टिक्’ मात्र नॉर्मल नाही. हे पिस्तूल आज भरून कमरेला लावू नका. कारण खाली लिहितो, पण आधी ठोक्याचं बघू.

सुरुवातीला नेहमीचंच: मॅगझिन बाहेर, स्लाइड मागे लॉक, चेंबर डोळ्याने आणि करंगळीने तपासा, आणि काडतुसं त्या खोलीतून बाहेर ठेवा. पुढच्या सगळ्या चाचण्या रिकाम्या पिस्तुलावर. एक पेन्सिल आणि दोन-तीन स्नॅप कॅप (नकली काडतुसं) जवळ ठेवा.

एटी सिरीजमध्ये चापापासून पिनपर्यंतची साखळी मोठी आहे, त्यामुळे ब्लॉक नसलेल्या जुन्या सेव्हन्टी सिरीजपेक्षा जास्त ठिकाणी गडबड होऊ शकते. कोल्टने ही रचना १९८३ मध्ये आणली. स्लाइडमध्ये उभा प्लंजर असतो, तो फायरिंग पिनच्या कमी जाडीच्या भागात अडकून राहतो. चाप मागे आला की चापाचा बो (मागची चौकट) फ्रेममधल्या एका लीव्हरला ढकलतो, हा लीव्हर सिअरच्या (चढलेल्या घोड्याला धरून ठेवणारा तुकडा) पिनवर फिरतो. तो दुसऱ्या लीव्हरला उचलतो, हा घोड्याच्या पिनवर फिरतो. दुसरा लीव्हर प्लंजरला वर दाबतो आणि फायरिंग पिन मोकळी होते. घोडा पिनवर आदळायच्या आधी हे सगळं पूर्ण व्हायला हवं. प्लंजर पुरेसा वर गेला नाही तर पिन जाते, पण वाटेत प्लंजरच्या कडेला घासून जोर घालवते. ठोका उथळ. तुमची लक्षणं अगदी हीच आहेत, आणि मेनस्प्रिंग बदलून फरक पडला नाही हेही त्याच्याशी जुळतं.

माझा पहिला संशय ओव्हरट्रॅव्हल स्क्रूवर आहे. चाप बदलला की लोक हा स्क्रू इतका आत पिळतात की सिअर सुटल्यावर चाप तिथेच थांबावा. सेव्हन्टी सिरीजमध्ये तेवढ्याने भागतं. एटीमध्ये चापाचा प्रवास वेळेआधी तुटला की लीव्हर अर्धवट उचलला जातो. त्यातून तो स्क्रू लॉकटाइटशिवाय (स्क्रू पक्का धरणारा गोंद) बसवलेला असेल तर गोळीबाराच्या धक्क्यांनी हळूहळू फिरत राहतो, म्हणून दोष कधी दिसतो, कधी नाही.

तपासायचं असं. स्लाइड फ्रेमवरून काढा. स्लाइड उलटी धरा, प्लंजर बोटाने पूर्ण दाबा आणि पंचने फायरिंग पिन मागून ढकला: टोक ब्रीच फेसमधून (स्लाइडचा काडतुसाच्या तळाला टेकणारा भाग) बाहेर यायला हवं. प्लंजर सोडा, परत ढकला: टोक अजिबात बाहेर येता कामा नये. हे दोन्ही बरोबर असेल तर स्लाइडमधला प्लंजर आणि पिन ठीक आहेत आणि गडबड फ्रेममध्ये आहे. टोक बाहेर येताना अडखळत असेल तर पिनच्या चॅनलमध्ये घाण आहे किंवा प्लंजर घासतोय.

मग फ्रेम. घोडा चढवा, अंगठ्याने घट्ट धरा, ग्रिप सेफ्टी (मुठीच्या मागची) दाबून चाप ओढा आणि घोडा अंगठ्यावरच हळू उतरवा. स्लाइड नसताना घोडा मोकळा सोडून आपटू देऊ नका, फ्रेम आणि घोडा दोन्ही खराब होतात. घोडा उतरवताना सिअर हाफ कॉकच्या पायरीला घासल्यासारखं जाणवलं, तर ओव्हरट्रॅव्हल नक्कीच कमी आहे. अशा अवस्थेत प्रत्येक गोळीबरोबर सिअरचं टोक त्या पायरीवर आपटतं आणि झिजतं. म्हणजे आज ठोका हलका, उद्या चाप खराब.

ओव्हरट्रॅव्हल जुळवताना स्क्रू बाहेरच्या दिशेने फिरवत जा, घासणं थांबेपर्यंत. त्यानंतर आणखी अर्धा फेरा. बऱ्याच चापांना ०.०५० इंचाची ॲलन की लागते. मग निळं लॉकटाइट एक थेंब, आणि रात्रभर वाळू द्या. लाल लॉकटाइट वापरू नका, पुढे स्क्रू तापवल्याशिवाय सुटत नाही.

आता पेन्सिल. पिस्तूल जुळवून, रिकामं, नळीचं तोंड वर. खोडरबर असलेलं टोक खाली जाईल अशी पेन्सिल नळीत सोडा. चाप ओढा. पेन्सिल जोरात उडून नळीबाहेर जायला हवी. चाप झटकन ओढून आणि अगदी हळू ओढून, दोन्ही प्रकारे करा. हळू ओढल्यावर पेन्सिल जेमतेम हलत असेल तर पिन वाटेत अडते आहे, हे पक्कं समजा.

---

कातळ

ठोकताळा यांच्याशी सहमत. एक भर: प्रायमरच वर राहिला असेल तर पहिला ठोका त्याला आत बसवण्यात खर्च होतो आणि दुसऱ्याला गोळी सुटते. लक्षण तुमच्यासारखंच. प्रायमर केसच्या तळाच्या साधारण ३ ते ५ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) खाली असायला हवा, बोट फिरवलं तरी कळतं. फॅक्टरी माल दोन कंपन्यांचा असेल तर शक्यता कमी, पण घरी भरलेली काडतुसं वापरणाऱ्यांनी आधी हेच बघावं.

आणि फुसकं निघालं की घाईने स्लाइड ओढू नका. नळी टार्गेटकडे, निदान तीस सेकंद थांबा. उशिराने पेटणारं काडतूस क्वचितच असतं, पण असतं.

---

रानमांजर

दोघांनाही धन्यवाद. तपासलं.

स्लाइडची चाचणी: प्लंजर दाबल्यावर टोक बाहेर येतं, सोडल्यावर येत नाही. पण येताना थोडं जड वाटतं. पिन काढली तर चॅनलमध्ये काळपट चिकट तेल. पिनच्या जाड भागाच्या कडेला एका बाजूला चकचकीत ओरखडा आहे.

ओव्हरट्रॅव्हल: घोडा उतरवताना घासल्याचं स्पष्ट जाणवतं. स्क्रूला लॉकटाइट नव्हतं, बोटानेच फिरला.

पेन्सिल: झटकन ओढल्यावर छतापर्यंत. हळू ओढल्यावर कधी नळीच्या तोंडापर्यंतच.

आणखी एक, मागून बघताना एक्स्ट्रॅक्टर (रिकामी केस बाहेर ओढणारा आकडा) किंचित फिरलेला दिसतो. त्याची खाच सरळ नाही. याचा काही संबंध?

---

ठोकताळा

एक्स्ट्रॅक्टरचा संबंध आहे, आणि ते चांगलं पकडलंत. जुन्या रचनेत एक्स्ट्रॅक्टर थोडा फिरला तर फार तर रिकाम्या केस वाकड्यातिकड्या फेकल्या जातात. एटी सिरीजमध्ये एक्स्ट्रॅक्टरला मधे एक खोल खाच असते आणि प्लंजर त्या खाचेतून वर-खाली होतो. एक्स्ट्रॅक्टर फिरला की खाचेची कड प्लंजरला चिकटते, प्लंजर अडतो. म्हणजे लीव्हरने पूर्ण उचललं तरी वर जड, आणि परत खाली यायलाही जड. दुसरी गोष्ट जास्त काळजीची, कारण प्लंजर खाली परत आला नाही तर ब्लॉक असून नसल्यासारखा.

एक्स्ट्रॅक्टर फिरतो कारण फायरिंग पिन स्टॉप (पिनला मागून धरून ठेवणारी पट्टी) सैल आहे. तो स्टॉपच एक्स्ट्रॅक्टरच्या मागच्या खाचेत बसून त्याला सरळ धरतो. थोडा मोठा, ओव्हरसाइज स्टॉप विकत मिळतो. घट्ट सरकेल इतकाच कडेने कानशीने घासून बसवायचा, स्लाइडला हात लावायचा नाही. विकत घेताना तो एटी सिरीजसाठीचाच घ्या. सैल स्टॉपचा आणखी एक त्रास म्हणजे पिन पुढे अडकली तर तो आपोआप खाली घसरतो आणि पिस्तूल जॅम होतं.

साफसफाईचा क्रम: पंचने पिन आत दाबा, स्टॉप खाली सरकवा, आणि अंगठा पिनच्या मागे ठेवूनच स्टॉप बाहेर काढा. स्प्रिंग पिनला बाहेर फेकते, गॉगल लावा. एटीमध्ये प्लंजर दाबून धरल्याशिवाय पिन मागे सुटत नाही. मग प्लंजर दाबलेला ठेवून एक्स्ट्रॅक्टर मागे ओढून काढा, त्यानंतर प्लंजर आणि त्याची छोटी स्प्रिंग खाली पडतील. एका ताटात काम करा, ती स्प्रिंग एकदा गालिच्यात गेली की गेलीच. चॅनल ब्रेक क्लीनर आणि कापसाच्या काडीने कोरडा करा. चॅनलमध्ये तेल घालायचं नाही. तेल प्रायमरची काजळी आणि पितळेचा भुगा धरून ठेवतं, आणि थंडीत घट्ट होऊन पिनला ब्रेक लावतं. पिनवर फार तर तेलाचा हात फिरवलेला फडका पुरे.

पिनच्या कडेवरचा ओरखडा म्हणजे प्लंजरवर घासल्याचीच खूण. कड फुगून खरबरीत झाली असेल तर पिन बदला, स्वस्त भाग आहे. एटीची पिनच घ्या. सेव्हन्टीच्या पिनला ब्लॉकसाठीचा कापच नसतो. पिनचं टोकही भिंगाखाली बघा. प्रायमरमधून गॅस सुटला असेल तर टोकाला खड्डे पडतात. टोक गोल आणि गुळगुळीत हवं, टोकदार नको. टोकदार पिन प्रायमर भोसकते.

पिनची स्प्रिंगही नवीन टाका. ती ब्लॉकइतकीच सुरक्षेची आहे. १९११ मध्ये पिन ‘इनर्शिया’ची आहे: चॅनलच्या लांबीपेक्षा आखूड. घोडा पूर्ण खाली टेकलेला असला तरी टोक प्रायमरला लागत नाही. घोड्याच्या फटक्याने पिन उडून पुढे जाते आणि स्प्रिंग तिला मागे आणते. पिस्तूल नळीच्या तोंडावर दगडावर पडलं तर तीच पिन वजनाने पुढे जाऊ शकते, आणि तिला अडवतात स्प्रिंग आणि ब्लॉक. म्हणूनच काही कंपन्या ब्लॉक न घालता हलकी टायटॅनियमची पिन आणि जास्त जोराची स्प्रिंग वापरतात. स्प्रिंगफील्ड आर्मरीने हाच मार्ग घेतला.

पुन्हा जोडताना एकच चूक महागात पडते. स्लाइड फ्रेमवर सरकवताना चाप दाबू नका. चाप दाबलेला असेल तर लीव्हर वर उभा राहतो आणि प्लंजरच्या खालच्या कडेवर आदळतो. (किंबरच्या सिरीज टू मध्ये ब्लॉक ग्रिप सेफ्टीने उचलला जातो, तिथे हाच नियम ग्रिप सेफ्टीसाठी.)

हे सगळं करून आणि ओव्हरट्रॅव्हल मोकळा करूनही हळू ओढल्यावर पेन्सिल मरगळलेलीच राहिली, तर लीव्हरच झिजलाय किंवा मुळातच छोटा आहे. वेगवेगळ्या मापाचे लीव्हर मिळतात, पण ते बसवणं गनस्मिथचं काम.

एक गोष्ट करू नका. अनेक फोरमवर सल्ला दिसेल की लीव्हर काढा, प्लंजर काढा, चाप मऊ होईल आणि ठोक्याचा प्रश्नही सुटेल. प्रश्न सुटतो कारण सुरक्षा गेली. ब्लॉक जागेवर ठेवूनच दुरुस्त करा, ते होण्यासारखंच आहे.

---

कातळ

सेफ्टीच्या ‘टिक्’बद्दल मी लिहितो.

१९११ ची थंब सेफ्टी घोड्याला अडवत नाही, फायरिंग पिनलाही नाही. ती सिअरला अडवते. सेफ्टीच्या आतल्या बाजूला एक छोटा उंचवटा आहे, सेफ्टी वर केली की तो सिअरच्या शेपटीच्या मागे येऊन टेकतो. सिअरला फिरायला जागाच उरत नाही. पण तिथे फट राहिली, अगदी दोन-तीन थाऊची, तर चाप ओढल्यावर सिअर तेवढा फिरतो. त्याचं टोक घोड्याच्या हुकवरून (सिअर जिथे अडकतो ती खाच) थोडं सरकतं आणि चाप सोडल्यावर घर्षणामुळे तिथेच अडकून राहतं. तुम्ही सेफ्टी काढून घोडा मागे खेचता तेव्हा टोक मोकळं होऊन परत खोल बसतं. तीच ती ‘टिक्’.

मधल्या काळात घोडा हुकच्या कडेवर उभा होता. हुकची उंची चांगल्या चापात सुमारे १८ ते २० थाऊ असते, त्यातले किती सरकले हे बाहेरून कळत नाही. सेफ्टी खाली केली की कधीतरी चाप न ओढताच घोडा पडू शकतो. म्हणून भरलेलं, घोडा चढवून सेफ्टी लावलेलं पिस्तूल बाळगण्याला हा दोष थेट नापास करतो.

कारण बहुधा तुम्ही स्वतःच लिहिलंय: सेफ्टी बदलली आहे. ही ‘टाका आणि चालवा’ अशी जागा नाही. नवीन सेफ्टी त्या उंचवट्यावर जास्तीचं लोखंड ठेवून येते, सुरुवातीला ती वर जातच नाही. मग थोडं कानशीने घासून, बसवून, काढून, पुन्हा घासून, जेमतेम वर जाईल इतकंच करायचं असतं. दोन हात जास्त मारले की फट कायमची. घासलेलं लोखंड परत येत नाही. काही गनस्मिथ तिथे टिग वेल्डने भर घालून पुन्हा घासतात, पण नवीन सेफ्टी घेऊन नीट बसवणं जास्त सरळ. नंतर कधी सिअर बदललात तर सेफ्टी पुन्हा तपासायची, कारण शेपटीची जागा सिअरनुसार बदलते.

सिअर किंवा घोड्याच्या हुकला स्वतः दगड लावू नका. त्या दोन पृष्ठभागांचे कोन चुकले की घोडा स्लाइडच्या मागे मागे येतो, आणि तिथून सलग गोळ्या सुटण्याची वेळ दूर नसते.

बाकीच्या सुरक्षा तपासण्याही एकदाच करून टाका. सगळ्या रिकाम्या पिस्तुलावर.

ग्रिप सेफ्टी: घोडा चढवा, थंब सेफ्टी काढा, ग्रिप सेफ्टीला हात न लावता चाप ओढा. घोडा पडता कामा नये. मग ग्रिप सेफ्टी हळूहळू दाबत जा आणि किती दाबल्यावर चाप मोकळा होतो ते बघा. अगदी शेवटी होत असेल तर हात नीट न बसलेल्या क्षणी गोळी सुटणार नाही. त्याला लोक फुसका बार समजतात, पण प्रायमरवर खूणच नसते. अगदी सुरुवातीलाच होत असेल तर ग्रिप सेफ्टीचा आतला हात जास्त घासला गेलाय. ग्रिप सेफ्टी मागे परत येत नसेल तर तीन पात्यांच्या सिअर स्प्रिंगचं उजवं पातं तपासा. डावं पातं सिअरचं, मधलं चाप आणि डिस्कनेक्टरचं (चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटू देणारा भाग), उजवं ग्रिप सेफ्टीचं.

डिस्कनेक्टर: चाप ओढा, घोडा पडेल, चाप दाबूनच ठेवा. स्लाइड पूर्ण मागे ओढून हाताने पुढे आणा. घोडा चढलेलाच राहायला हवा. आता चाप सोडा, खटका ऐकू येईल, पुन्हा ओढा, पडेल. मग स्लाइड पाव इंच मागे धरून चाप ओढा: पडता कामा नये. या चाचणीत घोडा हाफ कॉकवर येऊन अडकला तर सिअर स्प्रिंगचं डावं पातं सैल आहे किंवा हुक झिजलेत. त्या पिस्तुलात काडतूस घालू नका.

सेफ्टीचा खटका: वर-खाली करताना ठसठशीत ‘टक्’ जाणवायला हवी. लिबलिबीत वाटत असेल तर फ्रेमच्या डाव्या बाजूची प्लंजर ट्यूब हलवून बघा. ही ट्यूब फ्रेमला दोन ठिकाणी रिव्हेटसारखी ठोकलेली असते, एकाच स्प्रिंगवर पुढे स्लाइड स्टॉप आणि मागे थंब सेफ्टी चालवते. ती सैल झाली की सेफ्टी होल्स्टरमध्ये आपोआप खाली येऊ शकते, किंवा वरच अडकू शकते. पुन्हा ठोकायला खास हत्यार लागतं, पक्कडने दाबून होत नाही. दोन्ही बाजूंच्या सेफ्टीत उजवा लीव्हर डाव्याशी जिभेच्या जोडाने अडकलेला असतो, तो जोड झिजला की उजवीकडून काढलेली सेफ्टी अर्धीच निघते. तुमचा हात डावा नसेल तर एकबाजूची सेफ्टी घ्या, एक झिजणारा सांधा कमी.

---

वडाचीपारंबी (नाशिक)

विषयांतराबद्दल माफी. माझ्याकडे परवान्यावर .३२ आहे, वॉल्थर पीपीच्या धर्तीवरचं. तिथे पण हाच टिक्-चा प्रकार असतो का?

---

मुळामुठा (पुणे)

नाही, रचना वेगळी. पीपीमध्ये स्लाइडवरची सेफ्टी फिरवली की तिचा गोल दांडा घोडा आणि फायरिंग पिन यांच्या मधे येतो, पिन लॉक होते आणि घोडा खाली सोडला जातो. म्हणजे चढलेला घोडा सेफ्टीनेच पडतो, आणि सगळा फटका त्या दांड्यावर बसतो. जुन्या नगाचा हा दांडा चिरलेला असू शकतो. तपासणी रिकाम्या पिस्तुलावर पेन्सिलनेच: घोडा चढवून सेफ्टीने पाडा, पेन्सिल जागची हलता कामा नये. हलली तर पिस्तूल बाजूला ठेवा. भरलेल्या पिस्तुलावर ही चाचणी कधीही नाही.

एवढ्यापर्यंत ठीक. पुढचं काम तुम्ही घरी करायचं नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ नुसार दुरुस्ती, चाचणी, रूपांतर यांसाठी वेगळा परवाना लागतो. साफसफाई आणि तेलपाणी तुमचं, पिन, सिअर, सेफ्टी परवानाधारक दुकानाचं. देताना आणि घेताना पावतीवर शस्त्राचा क्रमांक परवान्याशी ताडून बघा. वरची .४५ ची चर्चा वाचून कुणी मोहात पडू नये: भारतात .४५ आणि ९ मिमी दोन्ही प्रतिबंधित बोअर आहेत.

रेंजवर .२२ चालवणाऱ्यांसाठी आणखी एक. वर सगळे ‘रिकामं चालवून बघा’ म्हणताहेत, ते .४५ सारख्या मध्यभागी प्रायमर असलेल्या पिस्तुलांसाठी. .२२ रिमफायरची पिन केसच्या काठावर मारते, चेंबर रिकामं असेल तर बऱ्याच पिस्तुलांत ती थेट चेंबरच्या कडेवर आदळते. कडेला खाच पडली की केस बाहेर निघत नाही आणि ठोकाही हलका बसायला लागतो. कंपनीने रिकामं चालवायला परवानगी दिली नसेल तर प्लास्टिकचा प्लग वापरा. ठोका हलका असेल तर आधी चेंबरचं तोंड भिंगाने बघा, मग स्प्रिंग.

---

रानमांजर

चॅनल कोरडा केला, पिन आणि स्प्रिंग नवी, ओव्हरसाइज स्टॉप बसवला, एक्स्ट्रॅक्टर आता सरळ. ओव्हरट्रॅव्हल मोकळा करून निळं लॉकटाइट. हळू ओढूनही पेन्सिल छताला लागते. रेंजवर दोन पाकिटं चालवली, एकही फुसकं नाही.

सेफ्टी गनस्मिथकडे दिली. त्याने उंचवटा बघून तेच सांगितलं, जास्त घासलाय. एकबाजूची नवी बसवतोय.

एक शंका राहिली: आता चाप थोडा जास्त मागे जातो. अजून अर्धा फेरा आत घेतला तर?

---

ठोकताळा

घेऊ नका. एटीमध्ये सिअर सुटल्यानंतरचा तो थोडासा प्रवासच प्लंजरला पूर्ण वर नेतो. नेमबाजीत त्याचा त्रास कमी होतो, कागदावर फरक दिसत नाही.

गनस्मिथकडून पिस्तूल आलं की चारही तपासण्या त्याच्या समोर करा, टिक्-ची चाचणी दोन-तीनदा, चाप चांगला जोरात ओढून. आणि पिनच्या कडेवर मार्करने काळी रेघ मारून एक पाकीट चालवा, मग पिन काढून बघा. रेघ घासली गेली नसेल तर प्लंजर वेळेवर उचलला जातोय. घासली असेल तर लीव्हर मोठ्या मापाचा लागेल.